दत्तक घेताना 'रक्त' बघायचं असतं का?

मृण्मयी_नाशिक:
आम्ही कारा म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर दत्तकासाठी नाव नोंदवलंय. घरी सगळं छान चाललेलं आणि परवा जेवताना जाऊबाई म्हणाल्या, कुणाचं रक्त कोण जाणे, उद्या दरोडेखोराचं पोर निघालं म्हणजे? दिरांनी लगेच मोबाईलवर 'वॉरियर जीन'चा व्हिडिओ लावला, बघ सायन्सच सांगतंय. मी बीकॉम, मला काय कळणार त्यातलं. गुन्हेगारी खरंच रक्तात उतरते का? उगाच धीर देऊ नका, खरं ते सांगा.

रानफूल:
यावर थेट अभ्यासच झालाय. डेन्मार्कमधल्या चौदा हजारांवर दत्तक मुलांच्या सरकारी नोंदी मेडनिक आणि मंडळींनी तपासल्या, पेपर १९८४ चा. जन्मदाते आणि दत्तक आईबाप दोन्हीकडे कुणालाच शिक्षा नसेल तर मुलग्यांपैकी १३.५ टक्के पुढे दोषी ठरले, फक्त जन्मदात्यांकडे असेल तर २०. म्हणजे शंभरातले ऐंशी सरळच निघाले की! आणि हा संबंध चोरीमारीच्या गुन्ह्यांत दिसला, मारहाण-खुनात नाही.

तिरकस:
२० आणि १३.५ म्हणजे जवळपास दीडपट, ते का गिळताय? त्याच पेपरात जन्मदात्याच्या शिक्षा वाढल्या की मुलग्यांचं प्रमाण पण वाढतं असं आहे. काहीच उतरत नाही असं सांगू नका तिला.

रानफूल:
काहीच उतरत नाही असं म्हटलंय कुठे? आता वॉरियर जीन. त्याचं नाव एमएओए, सेरोटोनिन-डोपामिन ही मेंदूतली रसायनं मोडणारं एन्झाइम तो बनवतो. १९९३ ला ब्रुनरना नेदरलँड्सच्या एका घराण्यात तो पार बंद पडलेले पुरुष सापडले, कुणी आग लावलेली, कुणी बलात्काराचा प्रयत्न केलेला. पण ते अतिदुर्मिळ. व्हिडिओवाले बोलतात तो नुसता मंद, म्हणजे एन्झाइम कमी बनवणारा प्रकार, तो युरोपियन पुरुषांत साधारण तिघांत एकाला असतो, मग काय तिसरा हिस्सा जेलात आहे का? न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या मुलांवर २००२ ला पेपर आला, त्यात मंद जीन आणि लहानपणी मारझोड दोन्ही एकत्र आलं तिथेच गडबड दिसली. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तेवढं ठळक आलं नाही ते वेगळं.

सोलापूरचा_बाळ्या:
जाऊबाईंना सांगा, जन्मावरून चोर ठरवायचा प्रयोग इंग्रजांनी आपल्याकडे करून झालाय. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ ला मुंबई इलाख्यात पण लागू. आमच्या इथे तारेच्या कुंपणात माणसं ठेवायचे, हजेरी लावायला लागायची, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. १९५२ ला कायदा गेला पण चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी पारध्यांच्या पालावर जाते. वर म्हणायचं बघा, यांच्यावरच केसेस जास्त!

अश्विनीताई:
आमची लेक दत्तकच. मृण्मयी, बाळ सुचवलं की चाइल्ड स्टडी रिपोर्ट आणि मेडिकल रिपोर्ट येतो, तो तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखव, होकार कळवायला ४८ तासच असतात म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेव. जीन-बिन कुणी तपासत नाही.

मृण्मयी_नाशिक:
थँक्यू सगळ्यांना, ताई तुम्हाला मेसेज केलाय. दिरांना डेन्मार्कचे आकडे वाचून दाखवले तर म्हणे तिकडची माणसंच वेगळी. आणि जाऊबाई म्हणतायत आकडे मुलग्यांचे आहेत ना, मग मुलगीच घ्या. आमचा अर्ज मुलीसाठीच आहे हो, पहिल्यापासून.