'लॉर्ड'मध्ये पाव उरलाय का?

खोडसाळ पंडित
'लॉर्ड' म्हणजे मुळात 'पावाचा राखणदार'. जुन्या इंग्रजीत ह्लाफ म्हणजे पाव, वेअर्ड म्हणजे राखणारा. ह्लाफवेअर्डचं झालं ह्लाफोर्ड, मग लोवर्ड, मग लॉर्ड. इथवर मान्य. पण त्यावरून 'बघा, तेव्हाचा मालक अन्नदाता होता' असा इमला उठवतात, तो पोकळ आहे. जुन्या इंग्रजीतच ह्लाफोर्ड नुसता धनी किंवा नवरा या अर्थानं सर्रास चालत होता. ह्लाफवेअर्ड हे पूर्ण रूप फारच दुर्मिळ. बायबलमधल्या स्तोत्रांच्या एका जुन्या अनुवादात ते योसेफाला लावलंय, आणि तिथे अर्थ घरचा कारभारी असा आहे. म्हणजे चाकरच की!

तळटीप
एकच शब्द धरून बसलात तर तसंच दिसणार. बाजूचे दोन घ्या. लेडी, म्हणजे ह्लाफडीगे, पाव मळणारी. आणि ह्लाफएटा, पाव खाणारा. ७व्या शतकाच्या सुरुवातीचा, इंग्लंडातल्या केंटचा राजा एथेलबर्ट, त्याच्या कायद्यात हा शब्द आहे: साध्या शेतकऱ्याचा ह्लाफएटा मारला तर भरपाई ६ शिलिंग. इथे 'खाणारा' म्हणजे पदरी असलेला माणूस. राखणारा, मळणारी, खाणारा असे तिघे एकाच पावाभोवती जमले, हा योगायोग म्हणायचा?

खोडसाळ पंडित
ह्लाफएटा मान्य. पण 'डीगे' सुटा दाखवा.

तळटीप
तंतोतंत तोच नाही, सख्खा भाऊबंद आहे: डॅगे, पाव करणारी मोलकरीण. पुढे तिचं काम दुधदुभत्याकडे सरकलं आणि तिच्यावरून 'डेअरी' आलं. कणकेचा 'डो' त्याच धातूचा, आणि संस्कृत 'दिह्' म्हणजे लिंपणं, माखणं, तोही त्याच कुळातला.

अमावास्या
अर्थाचं तुम्ही भांडा, पण झीज कशी झाली ते कुणीच सांगितलं नाही. आघात पहिल्या अक्षरावर, म्हणून 'वेअर्ड' दबला. सुरुवातीचा ह् गळला. दोन स्वरांमधला फ बोलताना व व्हायचा, आणि तोही गेला. हेआफोडचं हेड, हाफोकचं हॉक तसंच झालं. हाच वेअर्ड 'स्टुअर्ड'मध्ये मात्र अजून ओळखू येतो. माझ्या मते रोज हाक मारायचा शब्द जास्त झिजतो. आपण तर त्या झिजलेल्याचाही 'लाट' करून पुढे साहेब जोडला.

खोडसाळ पंडित
झीज पटली. पण मग व्याकरणाच्या तासाला 'लॉर्ड' सामासिक म्हणून शिकवू नका. बोलणाऱ्याला ज्याचे दोन तुकडे दिसत नाहीत, तो आज एकसंध शब्द. समास हवा तर 'लँडलॉर्ड' घ्या.