चणकाच्या पाठी वाकल्यात, जखमा भरत नाहीत. खाद्यातून काय द्यावं?

नमस्कार. गोव्यात चोडणला खाजनातल्या (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या) तळीत चणक, म्हणजे जिताडा मासा, पाळतो. पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) भरतीला आत येतं. पाऊस लागल्यापासून मासे खाद्यावर नीट येत नाहीत. परवा जाळं ओढलं तर काहींच्या पाठी शेपटीकडे वाकलेल्या. एकाला हातात घेऊन पाहिलं: खवले गेलेल्या जागी कडेने लाल, मध्ये पांढरट, आणि जखम भरायचं नाव नाही. कल्ले मात्र चांगले लाल आहेत.

खायला तरंगते दाणे आणि जोडीला बर्फातले तारले चिरून. दाण्यांची पोती पत्र्याच्या खोलीत असतात, पावसात तिथे भिंतींनाही ओल येते. दुकानदाराने लिव्हर टॉनिक, प्रोबायोटिक, मल्टिव्हिटॅमिन, मिनरल मिक्स असं सगळंच पुढे केलं. एवढं घेणं परवडत नाही, आणि माशाला नको ते घालायचं तरी कशाला? चवथीनंतर विकायला काढायचे आहेत. यातलं खरं गरजेचं कोणतं? पावडर दाण्यांना कशी लावावी? अँटिबायोटिक कृपया सुचवू नका, हे मासे लोक खाणार आहेत.

प्रतिसाद

दादा, आधी क जीवनसत्त्व बघा. चणकाला ते अंगात तयार करता येत नाही, खाद्यातूनच मिळायला हवं. कमी पडलं की कणा वाकतो आणि जखमा रेंगाळतात. साधं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड ओलीत, उष्णतेत लवकर मरतं, त्यामुळे तुमच्या खोलीतल्या दाण्यांत ते उरलंय का याचीच शंका आहे. फॉस्फेट जोडलेला, टिकणारा प्रकार मागा. पाकिटावरच्या मापाने थोड्या पाण्यात कालवून दाण्यांवर शिंपडा, वरून माशाच्या तेलाचा हात फिरवा, सावलीत सुकवून त्याच दिवशी घाला. तळीत नुसती पावडर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण वाकलेली पाठ सरळ होणार नाही, पुढच्यांची वाचेल एवढंच. शिवाय पिल्लं हॅचरीत असताना हवेची पिशवी फुगली नाही तरीही पाठ वाकते, म्हणून बीज सोडतानाच काही वाकडी होती का ते आठवा.

तारल्यांचंही बघा. कच्च्या तारल्यांत थायमिन (ब१ जीवनसत्त्व) तोडणारं एन्झाइम असतं, उकळल्याने ते निकामी होतं. खवट वास आला तर ते तारले अजिबात नकोत, त्या तेलाने ई जीवनसत्त्व संपतं. टॉनिक, प्रोबायोटिक तूर्त राहू द्या.

जखमेत जिवाणू असू शकतात, ते जीवनसत्त्वाने जाणार नाहीत. जुन्या गोव्यात एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांना आजारी मासा जिवंत नेऊन दाखवा.

पहाटे पाण्यातला ऑक्सिजन मोजता का? आणि पोत्यांवरची तारीख कोणती आहे?