हवाईदलातली बढती: वशिला की नोकरीचे नियम?

वरुडचा शेतकरीपुत्र: दिल्लीच्या हवाई मुख्यालयात कार्मिक विभाग सांभाळणारा एअर मार्शल बसते. अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बढत्या त्याच्याच हाती. तिथं ओळख नसन तर खेड्यातल्या पोरानं सपनच पाहू नये.

माजी सार्जंट, आर्वी: हे वाचून चूप बसवलं नाही. पोरांचं मन मोडू नका. कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं की फ्लाइंग ऑफिसर, २ वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, ६ वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, १३ वर्षांनी विंग कमांडर. निकष पुरे केले की ठरल्या वेळी मिळते. नागपुरात जन्मलेले प्रदीप नाईक २००९ मध्ये हवाईदल प्रमुख झालेच ना?

वरुडचा शेतकरीपुत्र: नाईक साहेब साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले. आमच्या गावात नववीचा वर्गच नाही. अन् १३ वर्षांनंतर काय? ग्रुप कॅप्टनसाठी निवड मंडळ, तेही वरच्यानं लिहिलेल्या अहवालावर!

पुसदची ताई: अहवालाचं यांचं बरोबर आहे. भूदलातल्या महिला अधिकाऱ्यांचे अहवाल निष्काळजीपणे लिहिले गेले, हे सर्वोच्च न्यायालयानेच मार्च २०२१ मध्ये म्हटलं. त्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळणारच नाही, मग कोण मन लावून लिहिणार?

दर्यापूरकर: वरचं सोडा, खाली लूट चालू आहे. सोयाबीन विकून पोराची अकादमीची फी भरली. बाहेर फलकावर लढाऊ विमान, आत टिनाचं शेड. पहाटे नुसतं पळवते. एएफकॅटचं, म्हणजे हवाईदलात अधिकारी व्हायच्या परीक्षेचं, गणित शिकवणारा मास्तर दिवाळीनंतर आलाच नाही. पावती मागतली तर म्हणे उद्या.

माजी सार्जंट, आर्वी: पळून एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायची मुलाखत, निघत नाही. पाच दिवस बोलणं, गटातलं वागणं, सगळं पाहतात. फी भरायच्या आधी चौकशी करायची होती.

दर्यापूरकर: नीट बोला सार्जंट! कोणाले विचारू? निवृत्त झालेले सगळे नागपुरात प्लॉट घेऊन बसले. तुमी काऊन नाही शिकवत गावच्या पोराईले?

पुसदची ताई: चंद्रपूरला २०१९ पासून सैनिक शाळा आहे, संभाजीनगरला एसपीआय ही सैन्यात अधिकारी व्हायची तयारी करून घेणारी सरकारी संस्था आहे. गावच्या शाळेत हे कोणी सांगतच नाही, राग त्याचा यायला हवा.

वरुडचा शेतकरीपुत्र: विंग कमांडरपर्यंत वशिला लागत नाही, एवढं मानतो. पुढचं नाही.

माजी सार्जंट, आर्वी: पुढचं मानूही नका. तिथं माणसाचं मत चालते, म्हणूनच लोक सशस्त्र दल न्यायाधिकरणात जातात. दर्यापूरकर, पोराले रविवारी पाठवा. मुलाखतीची तयारी मी घेतो, पैसे नको.

दर्यापूरकर: आर्वी लांब पडते. फोनवर घ्या, आठ वाजता. गावात रेंज तेव्हाच असते.