वजन नॉर्मल पण रिपोर्ट गडबड, हार्टचा धोका नक्की कशावरून ओळखायचा?

पाऊलवाट४२:
नमस्कार मंडळी, जरा घाबरलोय म्हणून लिहितोय. वय ४२, उंची १७० सेमी, वजन ६६ किलो म्हणजे बीएमआय २२.८, आजवर मला कुणी जाडा म्हटलेलं नाही. गेल्या आठवड्यात ब्लड टेस्ट केली तर टोटल कोलेस्टेरॉल २००, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८, एचडीएल (चांगलं) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० आणि एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट) ४.२ आलं. दादाचं वजन ९४ किलो आणि त्याचे सगळे आकडे व्यवस्थित, तरी घरचे वजन कमी कर म्हणून त्याच्याच मागे लागलेत. मग धोका कुणाला, त्याला का मला? बाबांना ५१व्या वर्षी अटॅक आला होता, ते डोक्यातून जातच नाहीये, रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजत पडून राहतो. एलडीएलपुढे तर लाल खूण नाहीये ना, मग चिंता करू का नको?

सायलीची_आई:
दादा, आधी ते ठोके मोजणं थांबवा, त्यातून काही कळत नाही, नुसती झोप जाते. मी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, एकट्या एलडीएलकडे बघू नका. टोटलमधून एचडीएल वजा करा, २०० वजा ३४, म्हणजे १६६. याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि साधारण १३० च्या आत असलेलं बरं. आता बघा, एलडीएल ११८ बघून वाटतं ठीक आहे, पण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारे कण एलडीएलशिवाय दुसरेही असतात, ते सगळे या १६६ मध्ये येतात. जमलं तर एपोबी नावाच्या प्रथिनाची टेस्ट करून घ्या, अशा प्रत्येक कणावर एपोबीचा एकच रेणू असतो त्यामुळे ती सरळ कणांची मोजणीच होते.
आणि सीआरपीसाठी रक्त दिलं तेव्हा सर्दी, ताप, दातदुखी असं काही होतं का? असेल तर तो आकडा हार्टसाठी धरूच नका, पूर्ण बरं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा.

मोकळा_श्वास:
कंबर मोजलीत का? पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाखाली बांधतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरली तर वजन कितीही असो, चरबी पोटात आहे असं समजा. ती चरबी लिव्हरला फॅटी अ‍ॅसिड पुरवत राहते, लिव्हर त्यातून ट्रायग्लिसराइड बनवून रक्तात सोडतं आणि मग एचडीएल खाली येतं, तुमच्या रिपोर्टात हीच जोडी दिसतेय. बीएमआयला हे कळणारच नाही, त्याला फक्त वजन आणि उंची माहीत. २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले लोक होते, त्यातही पोटाचा घेर आणि एपोबीचं एपोए१शी (एचडीएलवरचं प्रथिन) गुणोत्तर ही अटॅकशी जोडलेली मोठी कारणं निघाली.
दादांचं म्हणाल तर आज रिपोर्ट चांगले आहेत, आनंद आहे, पण वजन तसंच राहिलं तर बीपी आणि शुगर पुढे चढायची शक्यता असतेच. घरचे चुकीचं सांगत नाहीयेत, फक्त तुम्हाला विसरलेत.

कमलपत्र:
वडिलांना ५५ च्या आत अटॅक म्हणजे फॅमिली हिस्टरी धरतात, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. आणि लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) नावाची टेस्ट एकदा करा, आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते कारण ती बरीचशी जन्मानेच ठरलेली असते, डाएट-व्यायामाने फारशी हलत नाही. साधारण पाचातल्या एकाला वाढलेली असते आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती येतच नाही. दादांचीही करा, बाबा दोघांचेच ना.

पाऊलवाट४२:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच टेप लावली, ९४ सेमी भरली, निम्मे तर ८५ होतात. दोनदा मोजली, तेवढीच आली. आणि ताई, त्या आठवड्यात दाढ सुजली होती, गाल फुगलेला असतानाच रक्त दिलं, त्यामुळे सीआरपी नंतर परत करतो. ट्रायग्लिसराइडही उपाशीपोटी परत करू का? त्या दिवशी नाश्ता करून गेलो होतो.

सायलीची_आई:
हो, खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइड वाढलेलंच येतं, १०-१२ तास उपाशी राहून द्या, पाणी चालेल. पण रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांकडे जायचं थांबवू नका, जाताना बीपी आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) पण बघून घ्या. सिगरेट ओढत असाल तर तेही लपवू नका.

पाऊलवाट४२:
ओढत होतो, तीन वर्षं झाली सोडून. सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीये, दादालाही बरोबर नेतोय.