मदत हवी आहे: मुंबईत फूड ट्रकसाठी जागा आणि परवाने

नमस्कार मंडळी. मी आणि माझी वहिनी घावणे, कोंबडी-वडे, सोलकढीचा फूड ट्रक काढतोय. लोअर परळच्या ऑफिसांची दुपारची गर्दी डोक्यात आहे. जुना छोटा हत्ती (टाटा एस टेम्पो) बघून ठेवलाय, पण पैसे दिलेले नाहीत. बांधणी बदलायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मंजुरी लागते. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा परवान्याचं) काम ऑनलाइन होतं, त्याची धास्ती नाही.

खरं घोडं अडलंय ते जागेपाशी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फिरते विक्रेते आहेत, पण त्यात आमचा ट्रक बसतो का? की कुणाच्या खासगी आवारात भाड्याने उभा करणंच बरं? मग मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३९४ खालचा, खाद्यधंद्यासाठीचा पालिकेचा परवाना त्या आवाराच्या पत्त्यावर निघतो की गाडीच्या नंबरवर? आवार बदललं तर पुन्हा पहिल्यापासून का? शिवाय आत १९ किलोचे दोन सिलिंडर ठेवले, तर अग्निशमन दलवाले नेमकं काय बघतात?

एक एजंट ‘सगळं करून देतो’ म्हणतोय, पावतीचं नाव काढलं की विषय बदलतो. ज्यांचा ट्रक सध्या मुंबईत चालू आहे त्यांनी कृपया सांगा. ऐकीव माहिती भरपूर जमलीये.