जत्रेतला डबा

‘क्रोनो ट्रिगर’ हा व्हिडिओ गेम १९९५ चा, चित्रं ठोकळ्यांची, मग अजून एवढं कौतुक कसलं, असं एकाने विचारलंय. माझ्यापुरतं उत्तर गेमच्या सुरुवातीच्या जत्रेत आहे. आम्ही म्हापशाचे, बोडगेश्वराच्या जत्रेत वाढलेले, त्यामुळे तिथे निवांत हिंडलो. कुणाचा तरी डबा टेबलावर दिसला, खाऊन टाकला. मांजर हरवलेल्या पोरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे नायकावर राजकन्येला पळवल्याचा खटला उभा राहतो आणि ही सगळी पापं कोर्टात निघतात! बाहेर पाऊस, लाईट कधी जाईल याची धास्ती (सेव्ह केलेलं नव्हतं), आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. गंमत म्हणजे निर्दोष ठरलात तरी तुरुंग चुकत नाही.

शेवट डझनभराहून जास्त आहेत, संगीतकार यासुनोरी मित्सुदाचं संगीत आहे, ते सगळं खरंच. पण जंगल वाढवायला भूतकाळात मागे राहून चारशे वर्षं राबणारा तो साथीदार रोबो? त्याला हल्लीच्या ग्राफिक्सने काय फरक पडणार होता?

परवा भाच्याला फोनवर लावून दिला. मुद्दाम काही बोललो नाही. पठ्ठ्याने डबा खाल्लाच.