मदत हवी आहे : फळ्यावरचे ऋतुचित्र पावसाळ्यात टिकवायचे कसे?

नमस्कार. आमच्या स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर साधारण 3 फूट बाय 2 फुटांचा लाकडी फळा आहे आणि यंदाच्या चैत्रापासून दर ऋतूला त्यावर नवे चित्र काढायचे, असा नेम मी व माझ्या मुलीने केला आहे. वसंतासाठी चैत्रांगणातील गोपद्मे, शंख, कासव आणि तुळशीवृंदावन खडूने रेखाटले, ते सुबक झाले.

अडचण श्रावणाची आहे. जिवतीच्या कागदाभोवती आघाडा आणि दूर्वांची चौकट काढायचे मनात आहे. परंतु फळा सर्दावल्यामुळे खडू उमटण्याऐवजी घसरतो आणि ओल्या फडक्याने तीनदा पुसूनही चैत्रातल्या कासवाची पाठ फिकटशी दिसतेच. (मुलीच्या मते त्याला आमचे घर आवडले आहे.) नव्या फळ्यावर आधी आडवा खडू सर्वत्र घासून तो कोरड्या फडक्याने पुसावा, म्हणजे पहिल्या रेघा रुतून बसत नाहीत, हे मला फार उशिरा कळले. आता पुन्हा काळा रंग देण्यावाचून इलाज आहे का, आणि द्यायचाच तर आश्विनातल्या उन्हापर्यंत थांबावे का? खडू पाण्यात बुडवून काढलेली रेघ ठळक उमटते, पण ती पुढे सहज पुसली जाते का, याचाही अनुभव कृपया कळवावा.

शिवाय हेमंतासाठी संक्रांतीच्या सुगडांखेरीज काही सुचत नाही. हुरड्याची कणसे पांढऱ्या-हिरव्या खडूत ओळखू येतील का?